तोंडाला पाणी का सुटते?

विद्यार्थी मित्रांनो, रमजानचे दिवस डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळ झाली आहे. तुमचा रोजा आहे. अम्मीने दस्तरखान अंथरला आहे. त्यावर खजूर आहेत, कापलेली फळे आहेत आणि कढईतून नुकतीच काढलेली गरम भजी आहेत. इफ्तारचा भोंगा वाजायला अजून दहा मिनिटे बाकी आहेत. तुम्ही भज्यांना हातसुद्धा लावलेला नाही. जिभेवर एक कणही गेलेला नाही. तरी तुमच्या तोंडाला पाणी सुटते.

असे का होते? तोंडात काहीच नसताना तोंडाला कसे कळते की आता खायचे आहे? हे पाणी कोठून येते? आणि ते तोंडातच येते, की पोटातही काही घडत असते?

हे प्रश्न साधे वाटतात. आपण रोज जेवतो, म्हणून ते आपल्याला सुचतही नाहीत. परंतु एका माणसाने या प्रश्नांसाठी आयुष्याची कित्येक वर्षे खर्च केली. तो माणूस म्हणजे रशियाचा शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह. आज आपण त्याची ओळख करून घेऊ.

मॉस्को शहराच्या आग्नेयेला रियाझान नावाचे गाव आहे. तेथे २६ सप्टेंबर १८४९ रोजी इव्हानचा जन्म झाला. त्याचे वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत बेताची. वडिलांना बागकामाचा फार नाद होता. घराच्या बागेत ते भाज्या व फळे पिकवीत आणि मुलांनाही कामाला लावीत. मातीत राबण्याची ही सवय इव्हानला जन्मभर पुरली. पुढे एका कठीण काळात ती त्याच्या कशी उपयोगी पडली, ते आपण पाहूच.

लहानपणी इव्हानवर एक संकट आले. सफरचंदे वाळत घालताना तो उंचावरून खाली फरशीवर पडला. मार जबर होता. तो बरेच दिवस आजारी राहिला. त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत त्याला शाळेत जाता आले नाही. विचार करा, ज्या वयात तुम्ही पाचवी-सहावीत असता, त्या वयात हा मुलगा पहिल्यांदा शाळेची पायरी चढला!

आपल्या मुलाने आपल्यासारखेच धर्मगुरू व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून त्यांनी इव्हानला धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घातले. पण तेथे असतानाच त्याला शास्त्राच्या पुस्तकांची गोडी लागली. सेचेनॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने मेंदूच्या कार्यावर लिहिलेले एक पुस्तक त्याच्या हाती पडले. आपले शरीर कसे चालते, हे प्रयोग करून शोधता येते, हा विचार त्याच्या मनात घर करून बसला. १८७० साली त्याने धर्मशिक्षण सोडले आणि तो राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे विद्यापीठात शिकायला गेला.

विद्यापीठात असतानाच त्याने स्वादुपिंडाच्या चेतांवर संशोधन केले. स्वादुपिंड म्हणजे उर्दूत आपण ज्याला लबलबा म्हणतो ते. हे इंद्रिय जठराच्या मागे असते आणि अन्न पचविणारा रस तयार करते. या कामाबद्दल १८७५ साली इव्हानला सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर त्याने वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८७९ साली ती पदवीही मिळविली.

आता तुम्हाला वाटेल की, सुवर्णपदक मिळाले, डॉक्टरची पदवी मिळाली, म्हणजे सुखाचे दिवस आले. पण तसे झाले नाही. १८८१ साली पाव्हलॉव्ह यांचे सेराफिमा या शिक्षिकेशी लग्न झाले. घर चालविण्यापुरताही पैसा हाती नसे. काही काळ त्यांना भाऊ दिमित्री याच्याकडे राहावे लागले. त्यांचे पहिले मूल लहानपणीच वारले. त्या दुःखात सेराफिमाने पतीला धीर दिला आणि पतीने तिला. मित्रांना त्यांची ओढाताण दिसत होती. पण हा मानी माणूस मदत घेणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. त्यांनी पाव्हलॉव्ह यांना व्याख्याने देण्याची विनंती केली आणि त्याचे मानधन म्हणून आपसात पैसे जमवून दिले. पाव्हलॉव्ह यांनी त्या पैशांचे काय केले असेल? त्यांनी प्रयोगांसाठी कुत्रे विकत घेतले!

मित्रांनो, हे वाचून तुम्हाला हसू येईल. पण त्या वेळी घरी बसलेल्या सेराफिमाला हसू आले असेल का, याचाही थोडा विचार करा. एका माणसाचे नाव मोठे होते, तेव्हा त्याच्या घरातल्या माणसांनी किती सोसलेले असते, हे आपण बहुधा विसरतो.

आता आपण त्यांच्या मुख्य कामाकडे वळू. अन्न पोटात गेल्यावर त्याचे काय होते, हे त्या काळी नीट माहीत नव्हते. कारण उघड आहे. पोट बंद असते. जिवंत माणसाच्या पोटात डोकावून पाहायचे कसे? १८२२ साली अमेरिकेत एक विलक्षण घटना घडली होती. अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या पोटाला पडलेले भोक कधीच पूर्ण बुजले नाही. बोमाँट नावाच्या डॉक्टरांनी त्या भोकातून अन्नाचे तुकडे दोऱ्याला बांधून आत सोडले, पुन्हा बाहेर काढले आणि ते कसे विरघळतात हे पाहिले. त्यामुळे एक गोष्ट ठरली. जठर म्हणजे आपला मेदा. तो अन्न नुसते घुसळत नाही, तर आम्ल असलेला रस सोडून ते विरघळवतो. पण हा रस केव्हा सुटतो आणि त्याला हुकूम कोण देतो, हे कोडे तसेच राहिले.

१८९१ साली सेंट पीटर्सबर्ग येथील प्रायोगिक वैद्यक संस्थेत पाव्हलॉव्ह शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. आता त्यांच्या हाती चांगली प्रयोगशाळा आली. माणसांच्या दवाखान्यात असते तशी शस्त्रक्रियेची स्वच्छ खोली त्यांनी कुत्र्यांसाठी तयार करून घेतली. शस्त्रक्रियेत त्यांचे दोन्ही हात सारखेच चालत. कुत्र्याला गुंगीचे औषध देऊन ते शस्त्रक्रिया करीत आणि मग जखम पूर्ण भरेपर्यंत थांबत. त्यांचे म्हणणे असे होते की, घायाळ आणि घाबरलेल्या प्राण्याचे शरीर खरे उत्तर देत नाही. म्हणून बरा झालेला, हिंडता-फिरता प्राणी पाहिला पाहिजे.

त्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग समजून घ्या. अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी नळी. कुत्र्याच्या मानेजवळ ही नळी कापून तिचे तोंड बाहेर आणले. त्यामुळे कुत्र्याने गिळलेला घास जठरात न जाता मानेतूनच बाहेर पडे. दुसरीकडे जठराला एक बारीक नळी बसविली, म्हणजे तेथे रस सुटला तर तो बाहेर येऊन भांड्यात जमावा. मग कुत्र्यापुढे मांस ठेवले. कुत्रा आवडीने खाऊ लागला. घास तोंडातून जात होता आणि मानेतून खाली पडत होता. जठर रिकामेच होते. पण पाच-सहा मिनिटे झाली आणि जठराच्या नळीतून रस ठिबकू लागला!

याचा अर्थ काय? जठरात अन्नाचा कणही नव्हता. तरी जठराला बातमी पोहोचली होती. ही बातमी जिभेने आणि नाकाने मेंदूला दिली आणि मेंदूने जठराला दिली. मेंदूपासून जठरापर्यंत जाणाऱ्या चेता तोडल्या, तर कुत्रा तितक्याच आवडीने खाई, पण रस सुटत नसे. तार तुटल्यावर तारेचा निरोप कसा पोहोचणार?

पाव्हलॉव्ह यांनी याच्या उलटही करून पाहिले. कुत्र्याला कळू न देता पावाचा तुकडा नळीतून सरळ जठरात ठेवला. तो तेथे बराच वेळ तसाच पडून राहिला. रस सुटेना. न चाखता, न हुंगता पोटात गेलेल्या पावाकडे पोटाने जणू लक्षच दिले नाही. चव ही केवळ जिभेची चैन नाही, तर ती पचनाची पहिली पायरी आहे, हे यातून सिद्ध झाले.

पुढे त्यांनी द्रुझोक नावाच्या कुत्र्याच्या जठराचा एक लहान भाग वेगळा करून त्याची छोटी पिशवी बनविली. रशियन भाषेत द्रुझोक म्हणजे लहानगा मित्र. या पिशवीच्या चेता मात्र त्यांनी शाबूत ठेवल्या. अन्न मोठ्या जठरात जाई आणि छोट्या पिशवीत तसाच पण अगदी स्वच्छ रस सुटे. तो तपासता येई. तेव्हा असे दिसले की, प्रत्येक अन्नासाठी रस वेगळा असतो. मांस खाल्ले तर रसात आम्ल जास्त असते. पाव खाल्ला तर रस थोडा, पण त्याची पचविण्याची ताकद जास्त असते. आपले पोट म्हणजे एकच पातेले नाही. ते हुशार स्वयंपाक्यासारखे समोर काय आले आहे ते पाहून काम करते.

तोंडातल्या लाळेचेही असेच आहे. उर्दूत लाळेला लुआब म्हणतात. कुत्र्याच्या तोंडात गुळगुळीत खडे टाकले, तर लाळ जवळजवळ सुटत नाही, कारण खडे जिभेने सहज बाहेर टाकता येतात. पण तेच खडे कुटून त्यांची वाळू तोंडात टाकली, तर भरपूर पातळ लाळ सुटते, कारण वाळू धुऊन काढण्यासाठी पाणी लागते. मांस दिले, तर लाळ चिकट येते, म्हणजे घास घशातून सहज घसरतो. दगड एकच, पण रूप बदलले की शरीराचे उत्तर बदलते. आहे की नाही नवल?

१८९७ साली पाव्हलॉव्ह यांनी पचनग्रंथींवरील आपली व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९०४ साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले रशियन होत.

पण नोबेलपेक्षाही मला त्यांच्या आयुष्यातील दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. पचनाचे सगळे रस चेतांच्या हुकुमानेच सुटतात, असे पाव्हलॉव्ह मानीत असत. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी निराळेच दाखवून दिले. आतड्याकडे जाणाऱ्या चेता तोडल्या, तरीही तेथे आम्ल पोहोचताच स्वादुपिंडाचा रस सुटला. म्हणजे निरोप चेतांमधून गेला नव्हता. आतड्यातून एक द्रव्य रक्तात मिसळले होते आणि रक्तानेच तो निरोप पोहोचविला होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले. अशा द्रव्यांना आज आपण संप्रेरके म्हणतो.

पाव्हलॉव्ह यांच्या दृष्टीने ही बातमी कडू होती. इतक्या वर्षांची त्यांची समजूत अपुरी ठरत होती. त्यांनी आपल्याच प्रयोगशाळेत तो प्रयोग पुन्हा करवून घेतला. सगळे जण भोवती उभे राहून पाहत होते. रस सुटला. पाव्हलॉव्ह काही न बोलता आपल्या खोलीत निघून गेले. सुमारे अर्ध्या तासाने ते बाहेर आले आणि लंडनच्या शास्त्रज्ञांचेच बरोबर आहे, असे त्यांनी सर्वांसमोर मान्य केले. सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण एकट्याने घेतलेला नाही, असेही त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना समजावले.

मुलांनो, वर्गात एखादे उत्तर चुकले, तरी आपण ते चटकन कबूल करीत नाही. शिक्षकही पुष्कळदा करीत नाहीत. मग ज्यांचे नाव जगभर झाले होते, त्यांना ते अर्धा तास खोलीत बसणे किती जड गेले असेल! आज आपल्याला माहीत आहे की, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. काही निरोप चेता पोहोचवितात आणि काही निरोप रक्त पोहोचविते.

आता आपल्या भज्यांकडे परत येऊ. प्रयोगशाळेतील कुत्र्यांची एक गंमत पाव्हलॉव्ह यांच्या ध्यानात आली होती. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न आणणाऱ्या माणसाला पाहून किंवा त्याच्या पावलांचा आवाज ऐकून त्यांना लाळ सुटे. तोंडात घास पडल्यावर लाळ सुटणे हे जन्मतःच येते. पण पावलांच्या आवाजाने लाळ सुटणे हे कुत्रा शिकलेला होता. मग त्यांनी मुद्दाम प्रयोग केले. मेट्रोनोम म्हणजे ठराविक वेळाने टक-टक ठोके देणारे यंत्र. आधी त्याचे ठोके ऐकवायचे आणि लगेच अन्न द्यायचे. असे पुष्कळदा केल्यावर नुसत्या ठोक्यांनीही लाळ सुटू लागली. पण ठोके ऐकवून अन्न दिलेच नाही, असे वारंवार झाले, तर लाळ सुटणे हळूहळू बंद होई. याला मराठीत अभिसंधान असे नाव आहे.

तुमचेही तसेच होते. भजी पाहिली, त्यांचा वास आला, भोंग्याची वेळ जवळ आली. या सगळ्या खुणा तुमच्या मेंदूने वर्षानुवर्षे चवीशी जोडून ठेवल्या आहेत. मधल्या सुट्टीची घंटा झाली की भूक जागी होते, तीही अशीच. ज्या मुलाने आयुष्यात कधी भजे खाल्लेले नाही, त्याच्या तोंडाला ते पाहून असे पाणी सुटणार नाही.

आता त्या कठीण काळाची गोष्ट. १९१७ साली रशियात क्रांती झाली आणि नंतर यादवी युद्ध पेटले. शहरात धान्य मिळेना, जळण मिळेना. थंडीने आणि भुकेने माणसे मरू लागली. प्रयोगशाळेतील कुत्रेही उपासमारीने मेले. पचनाबद्दल जगात सर्वांत जास्त जाणणारा हा माणूस सत्तरीच्या वयात स्वतः अर्धपोटी राहत होता. तेव्हा वडिलांची शिकवण कामी आली. पाव्हलॉव्ह यांनी जमीन खणली आणि भाजी लावली. १९२० साली एच. जी. वेल्स हे इंग्रज लेखक त्यांना भेटायला गेले. तेव्हा त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत बटाटे आणि गाजरांचे ढीग पडलेले होते. पुढे १९२१ साली सरकारने खास हुकूम काढून त्यांच्या संशोधनाची आणि निर्वाहाची सोय केली. तरीही सरकारचे जे पटत नसे, ते पाव्हलॉव्ह उघडपणे बोलून दाखवीत. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते काम करीत होते.

ही गोष्ट येथे संपविता आली असती. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मी हा धडा वर्गात सांगतो, तेव्हा कोणी ना कोणी विद्यार्थी हात वर करतो आणि विचारतो की, सर, त्या कुत्र्यांचे काय? हा प्रश्न अगदी योग्य आहे. शस्त्रक्रिया जमेपर्यंत अनेक कुत्रे मेले. जे जगले, त्यांनाही सारे आयुष्य अंगात नळ्या घेऊन काढावे लागले. त्या मुक्या प्राण्यांना कोणी विचारले नव्हते. पाव्हलॉव्ह यांना हे ओझे जाणवत असावे. त्यांच्याच आग्रहाने १९३५ साली संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. आजही ते तेथे आहे. माणसावर या प्राण्याचे ऋण आहे, हे ते स्मारक सांगते.

पण स्मारकाने ऋण फिटते का? प्रयोगामुळे ज्ञान मिळाले, हे खरे. त्यासाठी मुक्या जिवांनी दुःख सोसले, हेही तितकेच खरे. यातील एक खरे सांगून दुसरे लपविणे, हा प्रामाणिकपणा नव्हे. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी घालणारा कायदा झाला. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवण्यासाठी समिती नेमण्याची तरतूदही त्यात आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी शास्त्रज्ञ होईल. तेव्हा वर्गात हात वर करणाऱ्या त्या मुलाचा प्रश्न विसरू नका.

आता शेवटी एक छोटा प्रयोग, ज्यात कोणालाच इजा होत नाही. आज जेवताना चपातीचा एक कोरडा घास घ्या. सालन लावू नका. तो न गिळता सावकाश चावत राहा. थोड्या वेळाने तो गोड लागू लागेल. त्यात कोणी साखर टाकलेली नाही. तुमच्या लाळेने पिठातील स्टार्चपासून साखर बनवायला सुरुवात केली आहे. म्हणजे पचन पोटात नव्हे, तोंडातच सुरू झाले!

म्हणूनच घरातील वडीलधारी माणसे सांगतात की, घाई करू नका, रागाने जेवू नका, घास नीट चावून खा. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांनी याच म्हणण्याला पुष्टी दिली. अन्नाची चव घ्या, वास घ्या, आनंदाने जेवा. तुमच्या जिभेची बातमी पोटापर्यंत पोहोचू द्या. आणि पुढच्या वेळी तोंडाला पाणी सुटले, तर रियाझानच्या त्या मुलाची आठवण ठेवा. त्याच्याबरोबर द्रुझोकचीही.